परीक्षा लेकीची, सराव घराचा

वाचकहो, तुमच्या घरात बारावी होऊन डिप्लोमाला किंवा पदवीला गेलेले लेकरू असेल, तर 'सीसीएनए' हे नाव एव्हाना तुमच्या कानावर आले असेल. आले नसेल तर आज ना उद्या येईल. मुलगा सांगतो, "ही परीक्षा दिली की पुण्याला नोकरीची सोय होते." आपण विचारतो, "फी किती?" तो आकडा सांगतो आणि घर गप्प होते. त्या गप्प झालेल्या घरासाठी हे चार शब्द लिहीत आहे.

मी शेतकरी माणूस. आमचे गाव नेवासे तालुक्यात, मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर. ऊस आणि कांदा ही आमची पिके. शिक्षण दहावीपर्यंत. संगणकाशी माझा संबंध सात-बाराचा उतारा काढण्यापुरता. पण आमच्या थोरल्या मुलीने ही परीक्षा दिली, आणि तिच्या सरावाचे सहा महिने मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर कागद धरून बसलो. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना पुस्तके सुचवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या आईबापांनी काय करावे हे सांगणारा मात्र कोणी भेटत नाही. म्हणून मला जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी ही परीक्षा आहे तरी काय ते पाहू. सिस्को ही अमेरिकेतली कंपनी १९८४ साली कॅलिफोर्नियात निघाली. एका ठिकाणच्या संगणकांचे जाळे दुसऱ्या ठिकाणच्या जाळ्याला जोडणारी यंत्रे बनवणे हा तिचा धंदा. या यंत्रांना राउटर म्हणतात. ही यंत्रे कोणाला चालवता येतात ते ओळखण्यासाठी कंपनीने परीक्षा सुरू केल्या. सीसीएनए ही त्यातली सुरुवातीची परीक्षा १९९८ साली निघाली. पुढे तिच्या पुष्कळ शाखा झाल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या मोडून पुन्हा एकच परीक्षा केली, आणि २०२४ मध्ये तिच्या अभ्यासक्रमात थोडी सुधारणा झाली.

पेपर १२० मिनिटांचा, इंग्रजीतून, संगणकासमोर बसून. एक प्रश्न सोडून पुढे गेलात की मागे येता येत नाही. शाळेत आपण मुलांना सांगतो, "अवघड प्रश्न शेवटी सोडव." इथे ते चालत नाही. केंद्रात कच्च्या कामाला खोडता येणारी पाटी देतात, गणकयंत्र देत नाहीत. फी ३०० अमेरिकी डॉलर आणि वर कर. आपल्या रुपयांत ती ३० हजारांच्या पुढे जाते. नापास झाले तर ती परत मिळत नाही, पुन्हा बसायचे तर पुन्हा भरायची. आणि पास झाले तरी तो दाखला तीन वर्षांपुरता असतो, त्यानंतर त्याचे नूतनीकरण करावे लागते. अशा संस्था फी आणि नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी मुलाला कंपनीच्या स्वतःच्या पानावर खात्री करायला सांगा. दुसऱ्याच्या तोंडच्या माहितीवर विसंबू नका.

तुम्ही म्हणाल, एवढ्या पैशात शेळ्यांची एक जोडी येईल. खरे आहे. म्हणूनच ही फी भरण्याआधी सराव कसा करायचा याचा विचार घराने करायचा असतो. मुलावर टाकून मोकळे होण्याची ही गोष्ट नाही.

आता या परीक्षेत विचारतात काय? २०२४ च्या अभ्यासक्रमात सहा भाग आहेत. जाळ्याची मूलतत्त्वे २० टक्के, जाळ्यात शिरण्याची सोय म्हणजे स्विच वगैरे २० टक्के, एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात वाट काढणे २५ टक्के, जाळ्यावरच्या सेवा १० टक्के, सुरक्षितता १५ टक्के आणि यंत्रांकडून आपोआप काम करून घेणे १० टक्के. नावे अवघड वाटली तरी घाबरू नका. कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला यातले अर्धे आधीच माहीत असते. धरणातून कालवा निघतो, कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून पोटचारी आणि मग आपल्या बांधावर पाणी येते. कोणते पाणी कोणत्या चारीला वळवायचे ते पाटकऱ्याला ठाऊक असते. त्याच्याजवळ शेजपाळीची यादी असते. राउटर म्हणजे असाच पाटकरी. त्याच्याजवळही वाटांची यादी असते. आलेला मजकूर कोणत्या पत्त्याचा आहे ते पाहून तो त्याला योग्य वाटेला लावतो. यादीत वाट नसेल तर मजकूर टाकून देतो.

पत्ता म्हटला की हिशेब आला. प्रत्येक संगणकाला, प्रत्येक मोबाइलला जाळ्यात एक पत्ता असतो. तुमच्या मोबाइलमध्ये वायफायची माहिती उघडून पाहा. बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे चार आकडे टिंबांनी तोडून लिहिलेले दिसतील. यातला प्रत्येक आकडा ० ते २५५ एवढाच असतो. ही पत्त्यांची पद्धत अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावर १ जानेवारी १९८३ पासून लागू झाली. तिच्यात एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते बसतात. तेव्हा ते भरपूर वाटले, आज जगाला पुरत नाहीत. म्हणून घराघरात तेच १९२.१६८ चे खासगी पत्ते पुन्हा पुन्हा वापरतात आणि बाहेर जाताना राउटर त्यांच्या जागी दुसरा पत्ता लावतो.

या पत्त्यांची वाटणी करणे हा परीक्षेचा कणा आहे. त्याला सबनेटिंग म्हणतात. मुले इथेच अडतात. आमच्या मुलीने मला ते असे समजावले: "नाना, २५६ पत्त्यांचा एक गट आहे असं समजा. चार भावांत वाटला तर प्रत्येकाला ६४ येतात. पण ६४ च्या ६४ वापरता येत नाहीत. पहिला पत्ता त्या तुकड्याचं नाव म्हणून जातो आणि शेवटचा दवंडीसाठी राखून ठेवतात. उरतात ६२."

मला हे लगेच पटले. जमिनीचे वाटे जितके जास्त, तितके बांध जास्त, आणि बांधात जमीन जाते. चार वाट्यांत आठ पत्ते बांधाखाली गेले. आठ वाटे केले तर प्रत्येकी ३२ येतील, त्यातले ३० वापरता येतील आणि सोळा पत्ते बांधाखाली जातील. दवंडीचेही तसेच. त्या शेवटच्या पत्त्यावर मजकूर टाकला की तो त्या तुकड्यातल्या सगळ्यांना ऐकू जातो. ज्याने भावांच्या वाटण्या पाहिल्या आहेत त्याला हे गणित परके नाही. फरक एवढाच, की इथे वाटे दोन, चार, आठ, सोळा असेच दुपटीने पडतात. तीन भाऊ असले तरी सारखे वाटे चारच करावे लागतात.

त्या दिवसापासून आमच्या घरी एक रीत पडली. संध्याकाळी धारा काढून झाल्या की मी कागद घेऊन बसायचो आणि मनाला येतील ते आकडे सांगायचो. समजा मी म्हणालो, "१९२.१६८.१०.७७, आणि मास्क २५५.२५५.२५५.२२४." मास्क म्हणजे वाटा कुठे तुटला ते दाखवणारी खूण. मुलगी पाटीवर मांडायची. २५६ मधून २२४ गेले, उरले ३२. म्हणजे वाटे ३२-३२ चे: ०, ३२, ६४, ९६. सत्याहत्तर हा ६४ आणि ९६ च्या मध्ये येतो. तेव्हा तुकड्याचे नाव ६४, दवंडीचा पत्ता ९५, वापरायचे पत्ते ६५ ते ९४, एकूण ३०. झाले गणित.

हे तपासायला मला संगणक लागत नव्हता. वजाबाकी आणि पाढे येणारा कोणीही बाप, कोणतीही आई हे तपासू शकते. सुरुवातीला एका गणिताला तिला पाच मिनिटे लागत. दीड महिन्याने ती वीस गणिते वीस मिनिटांत करू लागली. मग तिने मला अवघड आकडे द्यायला शिकवले. १७२.१६.४५.२०० आणि मास्क २५५.२५५.२४०.०. इथे वाटा तिसऱ्या आकड्यात तुटतो, सोळा-सोळाने. पंचेचाळीस हा ३२ आणि ४८ च्या मध्ये. म्हणून तुकडा १७२.१६.३२.० पासून १७२.१६.४७.२५५ पर्यंत. पहिल्या आठवड्यात ती यात रोज चुकायची. मी "चूक" एवढेच सांगायचो, उत्तर सांगायचो नाही. ती पुन्हा मांडायची आणि कुठे घसरली ते स्वतः शोधून काढायची. हे करताना तिला राग यायचा, कधी पाटी बाजूला सरकवायची. पण स्वतः शोधलेली चूक तिने दुसऱ्यांदा क्वचितच केली. उत्तर आयते दिले असते तर ते रात्रीपुरते टिकले असते.

वाचकहो, आता मुख्य गोष्टीकडे येतो. याच सुमारास तिच्याबरोबर शिकणाऱ्या काही मुलांना शहरातल्या एका शिकवणीवाल्याने एक सौदा सांगितला. परीक्षेत आलेले खरे प्रश्न, उत्तरांसकट, आठ हजार रुपयांत. वर पास होण्याची हमी. या व्यवहाराला मुले 'डम्प' म्हणतात. हे प्रश्न कोणीतरी परीक्षेला बसून पाठ करून किंवा चोरून बाहेर आणलेले असतात. मुलीने घरी येऊन सगळे सांगितले.

आमच्या घरात त्या रात्री वाद झाला. हिचे म्हणणे होते, "तीस हजार भरायचे आणि पोरगी एका-दोन मार्कांनी राहिली तर? पुन्हा तीस हजार आणायचे कुठून? त्यापेक्षा आठ हजार गेलेले परवडले." हे बोलणे मी हसण्यावारी नेणार नाही. कांद्याला भाव नव्हता, सोसायटीचा हप्ता तोंडावर होता. ज्या घरात पैसा एकदाच येतो, त्या घराला हमी शब्दाची भूल पडतेच.

मी हिला विचारले, "आपण बाजारात बैल घेतो तेव्हा काय करतो? विकणारा सांगतो 'चौसा आहे'. आपण मान हलवून पैसे मोजतो का? दात पाहतो, चालवून पाहतो, जू मानेवर देऊन पाहतो. मग नोकरी देणारा माणूस नुसता दाखला पाहून पगार देईल का? तोही चालवून पाहील. त्या दिवशी आठ हजारांची उत्तरे कुठे असतील?"

मुलगी म्हणाली, "आई, परीक्षा सुरू करण्याआधी लिहून द्यावं लागतं, की प्रश्न बाहेर सांगणार नाही. असले प्रश्न वापरल्याचं उघड झालं तर दाखला रद्द करतात आणि पुढे परीक्षेला बसायलाही बंदी घालतात. आणि मला समजा पाठ करून दाखला मिळाला, तर एखाद्या दवाखान्याचं नेटवर्क बंद पडल्यावर मी तिथं उभी राहून काय करू?"

ही थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं, पण मग तयारी पक्की झाल्याशिवाय फी भरायची नाही." हा त्या रात्रीचा सगळ्यात शहाणपणाचा शब्द होता, आणि आम्ही तो पाळला. पुष्कळ ठिकाणी सांगतात, आधी तारीख घ्या म्हणजे अभ्यास होतो. ज्याला तीस हजारांची फिकीर नाही त्याला ते ठीक. आपल्यासारख्यांनी आधी अभ्यास पारखावा, मग तारीख घ्यावी.

पारख कशी करायची? तीन गोष्टी आम्ही ठरवल्या. पहिली, वीस गणिते वीस मिनिटांत, एकही चूक नाही, असे लागोपाठ सात दिवस. दुसरी, कोऱ्या पडद्यावरून एक लहान जाळे तासाभरात उभे करून चालवून दाखवायचे. तिसरी, घड्याळ लावून दोन तासांच्या पूर्ण सराव परीक्षा द्यायच्या आणि लागोपाठ दोन परीक्षांत शंभरात पंचाऐंशीच्या वर जायचे. हा पंचाऐंशीचा आकडा आमच्या घराचा. खऱ्या परीक्षेत पास व्हायला किती लागतात ते कंपनी जाहीर करत नाही, म्हणून हात राखून ठरवला.

दुसऱ्या गोष्टीबद्दल थोडे सांगतो, कारण मला सगळ्यात गंमत तिथे वाटली. राउटर आणि स्विच ही महागडी यंत्रे. घरी कुठून आणणार? पण सिस्को कंपनीने १९९७ साली नेटवर्किंग अकॅडमी नावाचा शिक्षणाचा उपक्रम सुरू केला. त्यात नाव नोंदवले की 'पॅकेट ट्रेसर' नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात पडद्यावरच राउटर मांडायचे, तारा जोडायच्या, पत्ते द्यायचे आणि मजकूर जातो की नाही ते पाहायचे. त्यासाठी फार भारी संगणक लागत नाही. आमच्याकडे भाच्याचा जुना लॅपटॉप होता, त्यावर झाले. एकदा प्रोग्राम उतरवून घेतला की सरावाला इंटरनेटही फारसे लागत नाही. आमच्याकडे वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीचीच असते. मी दारे धरायला जायचो आणि ती ओसरीत बसून जाळी जोडायची.

पण जोडणे हा अर्धाच सराव. खरा सराव मोडण्यात आहे. चालू असलेले जाळे ती धाकट्या भावाच्या हाती द्यायची आणि सांगायची, "यात कुठेतरी एक बिघाड कर, मला सांगू नकोस." तो कुठे मास्क चुकीचा लिहायचा, कुठे राउटरचे एक तोंड बंद करायचा, कुठे संगणकाला वेशीचा पत्ता, म्हणजे गावाबाहेर जाण्याचे दार, द्यायचाच नाही. मग ती बिघाड शोधायची आणि मी घड्याळ पाहायचो.

बिघाड शोधायची तिची रीत आपल्या मोटारीसारखीच. विहिरीवरची मोटार पाणी फेकेना तर आपण लगेच मोटार बाहेर काढत नाही. आधी वीज आहे का पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग फुटव्हॉल्व्ह. जवळून लांब जातो. तिचेही तसेच. आधी तार आणि दिवा, मग स्वतःचा पत्ता, मग वेशीपर्यंत हाक पोचते का, मग वेशीपलीकडे. हाक मारण्याच्या या हुकमाला 'पिंग' म्हणतात. माइक म्यूस नावाच्या अमेरिकी माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये, जाळ्यातली अडचण शोधताना, तो प्रोग्राम घाईघाईने लिहिला. पाण्याखालच्या पाणबुड्या शोधणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिले. रात्री पाणी भरताना आपण वरच्या वाफ्यावरून हाक मारतो आणि खालच्या टोकाचा गडी 'ओ' देतो. 'ओ' आली की कळते, माणूस जागा आहे. पिंग म्हणजे ती हाक. चाळीस वर्षे उलटून गेली तरी जाळ्याचे काम करणारा माणूस पहिली हाक तीच मारतो.

हाताने करून दाखवण्याला या धंद्यात किती मान आहे त्याची एक गोष्ट मुलीने सांगितली. सिस्कोची सर्वांत वरची परीक्षा सीसीआयई, ती १९९३ साली सुरू झाली. तिच्यात यंत्रांसमोर बसून काम करूनच दाखवावे लागते, आज ती प्रत्यक्ष कामाची परीक्षा आठ तासांची आहे. पास होणाऱ्यांना क्रमांक देतात. त्यांतला अगदी पहिला, १०२४ हा क्रमांक कोणा माणसाला मिळाला नाही. तो त्या प्रयोगशाळेलाच दिला. मला हे फार आवडले. पहिला मान कामाच्या जागेला.

आणखी एक अडचण इंग्रजीची. आमची मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. तिला उत्तर येत असूनही प्रश्न समजायला वेळ लागायचा. 'यातले कोणते दोन', 'बहुधा कोणते कारण', 'कोणते बरोबर नाही' अशा एका शब्दाने प्रश्न उलटा होतो. तिने यावर साधा उपाय केला. सराव प्रश्न मोठ्याने वाचायचा, काय विचारले आहे ते आम्हाला मराठीत सांगायचे, आणि मगच पर्याय पाहायचे. हिला त्यातले तांत्रिक काही कळत नसे, पण "तू म्हणालीस दोन निवडायचे आणि निवडलास एकच" हे ती बरोबर पकडायची. मराठी माध्यमाच्या मुलांनी हा उपाय जरूर करावा. महिनाभरात इंग्रजीची धास्ती निम्मी होते.

मार्च महिन्यात तिने पहिली पूर्ण सराव परीक्षा दिली. शंभरात अठ्ठावन्न. दोन तास पुरले नव्हते, शेवटचे अकरा प्रश्न तसेच राहिले. ती रात्री जेवली नाही. नेमकी तेव्हाच कांद्याची काढणी तोंडावर होती आणि मजूर मिळत नव्हते. दर वर्षी काढणीला आमच्या घरातली सगळी माणसे रानात असतात. मी काही बोलण्याआधी हीच म्हणाली, "ह्या वर्षी तिला रानात बोलवायचं नाही. दोन बाया जास्त लावू." त्या दोन बायांची मजुरी पंधरा दिवस गेली. तो खर्च फीच्या आकड्यात कुठे दिसत नाही. पण मुलगी पास झाली यात त्याचा वाटा मोठा आहे. आपण मुलांच्या शिक्षणाला पैसा देतो, प्रसंगी कर्ज काढून देतो. वेळ द्यायचा म्हटले की मात्र हात आखडतो. मुलीला तर सांगायलाच नको. तिच्या पुस्तकाला पैसे असतात, पण भाकरी थापायच्या वेळी पुस्तक मिटावे लागते. ते पुस्तक उघडे राहू दिले पाहिजे.

त्या पंधरा दिवसांत तिने चुकलेल्या बेचाळीस गुणांची वहीच केली. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहिले: माहीत नव्हते, माहीत असून गोंधळ झाला, की वेळ पुरला नाही. तीन रकाने. निम्म्याहून जास्त चुका दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात निघाल्या. म्हणजे ज्ञान कमी नव्हते, सराव कमी होता. वाट काढण्याच्या भागाला सगळ्यात जास्त गुण आणि तिथेच ती सगळ्यात कच्ची. तिने बाकीचे बाजूला ठेवून तेवढेच धरले. एप्रिलमध्ये बहात्तर, मग एक्क्याऐंशी, मेच्या शेवटी सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी. तेव्हा आम्ही फी भरली. जूनमध्ये पुण्याच्या केंद्रावर परीक्षा झाली आणि ती पास झाली.

इथे गोष्ट संपवली तर तुमची फसवणूक होईल. दाखला हातात आला म्हणून कोणी दारात गाडी घेऊन आले नाही. साडेतीन महिने ती अर्ज करत होती. काही ठिकाणी उत्तरच आले नाही, काही ठिकाणी अनुभव मागितला. गावात लोक विचारायचे, "तीस हजारांचं काय झालं?" शेवटी पुण्यात एका ठिकाणी मुलाखतीला बोलावले. तिथल्या साहेबांनी दाखला बाजूला ठेवला आणि कागदावर एक जाळे काढून दिले. "या संगणकाची हाक वेशीपर्यंत जाते, पलीकडे जात नाही. तू आधी कुठे पाहशील?" धाकट्याने हाच बिघाड तिला किती वेळा घालून दिला होता. तिने पायरी पायरीने सांगितले. आज ती तिथे जाळ्यांवर लक्ष ठेवण्याच्या कामावर आहे. पाळ्या आहेत, रात्रपाळीही असते. घरभाडे आणि डबा वजा जाता पगारातून फार उरत नाही. पण हातात काम आहे आणि ते तिला येते. दाखल्याच्या नूतनीकरणाचा अभ्यासही तिने आतापासून थोडा थोडा धरला आहे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या लेकराने उद्या या परीक्षेचे नाव काढले तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच पैसेही काढून देऊ नका. त्याला म्हणा, "आधी मला समजावून सांग." आपल्या अडाणी प्रश्नांना उत्तर देताना त्याचे ज्ञान पक्के होते. मग रोज अर्धा तास कागद घेऊन त्याच्यासमोर बसा आणि गणिते घाला. चुकला तर उत्तर सांगू नका, त्याला शोधू द्या. घरात लहान भावंड असेल तर त्याला बिघाड करायच्या कामाला लावा, ते काम तो आनंदाने करील. काढणीच्या दिवसांत पंधरा दिवस मोकळे द्या, आणि मुलगी असेल तर जास्तच द्या. सराव परीक्षेचे गुण दर वेळी विचारा, पण रागावण्यासाठी विचारू नका. ठरवलेला आकडा लागोपाठ दोनदा आला की मग फी भरा.

आणि कोणी हमी देऊन प्रश्न विकायला आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आपल्या रानात उगवेल ते आपण पेरलेलेच. ज्याच्या हाताला सराव आहे त्याला हमीची गरज पडत नाही, आणि ज्याला सराव नाही त्याच्या हमीचा उपयोग परीक्षेच्या दारापर्यंतच.